वालावलकरसाहेबांची झडती

मस्कतच्या आमच्या मंडळाची स्मरणिका निघते. तिचं काम बघणाऱ्या बाईंचा परवा फोन आला. वालावलकरसाहेब गेले, वेंगुर्ल्याला, झोपेतच. तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर पक्षी बघायला जात होता, तर त्यांच्याबद्दल चार गोड शब्द लिहून द्या, म्हणाल्या. मी हो म्हटलं. लिहायला बसले तर गोड शब्द पुष्कळ निघाले, आणि ते खोटेही नव्हते. पण तेवढेच छापले असते तर एका माणसावर दुसऱ्यांदा अन्याय झाला असता. म्हणून बाईंना जमणार नाही असं कळवलं आणि हे लिहायला घेतलं.

साहेब आमची झडती घ्यायचे. दर शुक्रवारी, सहल संपली की, गाडीत बसण्याआधी. एक जुनी पांढरी चादर जमिनीवर पसरायची आणि आम्ही आपापले खिसे, पिशव्या, पर्स तिच्यावर रिकाम्या करायच्या. वादीतून, म्हणजे डोंगरातल्या त्या कोरड्या नदीच्या पात्रातून, काहीही घरी न्यायचं नाही हा नियम होता. पीस नाही, बी नाही, शिंपला नाही, गुळगुळीत गोटासुद्धा नाही. "बघायचं, न्यायचं नाही," हे त्यांचं वाक्य. ते इतक्या वेळा ऐकलं होतं की माझा नवरा घरी फ्रिज उघडून उभा राहिला की मीही त्याला तेच म्हणायची.

दोन हजार दहानंतरची ती वर्षं. माझा नवरा ओमानात रुस्ताकला साइट इंजिनिअर, साहेब त्याच कंपनीत सर्व्हेअर. निवृत्तीला आलेले, एकटे राहणारे, ताठ. मी रुस्ताकला नवीन आले तेव्हा भिंतींकडे बघून वेड लागायची पाळी आली होती. एकदा साहेब जेवायला आले आणि म्हणाले, "सुजाता, शुक्रवारी पहाटे तयार राहा. पांढरे कपडे घालू नकोस." नवऱ्याला शुक्रवारी झोप प्यारी, म्हणून मी एकटीच गेले, आणि पुढे जातच राहिले. खोटं कशाला सांगू, त्या शुक्रवारांनी मला वाचवलं. हेच तर जास्त दुखतं.

आम्ही तिघं असायचो. तिसरे हसनभाई मुकादम. श्रीवर्धनचे, रुस्ताकच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्यांचं किराण्याचं छोटं दुकान. गाडी त्यांची, पिकअप. साहेबांकडे कंपनीची फोर-बाय-फोर होती, पण कंपनीची गाडी खासगी कामाला वापरायची नाही हा साहेबांचा दुसरा नियम. हसनभाईंना पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नसे. त्यांच्या लेखी आकाराने मुठीएवढं ते चिमणी आणि त्याहून मोठं ते कावळा. "मग येता कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, सहा दिवस दुकानात बसून माणूस पोत्यासारखा होतो. आणि साहेब एकटे गेले नि कुठे पाय घसरला तर?" त्यांची एकच अट होती. जुम्म्याच्या नमाजाला कुठल्या तरी गावातल्या मशिदीशी पोचायचं. ते आत जायचे, तोवर मी आणि साहेब बाहेर बोरीच्या झाडाखाली बसून तारेवरचे वेडे राघू बघायचो.

साहेब कधी बोट दाखवायचे नाहीत. बोट बघून पक्षी उडतो, म्हणायचे. सर्व्हेअर माणूस, मोजमापात बोलायचे. "तो तांबडा कडा दिसतोय? त्याच्या वरच्या टोकापासून दोन बोटं डावीकडे, मग एक बोट खाली. बसलेत बघ." बसलेत, कारण पक्ष्यांना ते अहो-जाहो करायचे. गिधाडालासुद्धा. उन्हं वर आली की पांढरी गिधाडं कड्यावरून तरंगत यायची आणि साहेब टोपी काढून म्हणायचे, "आले. ऑफिसला निघाले." थर्मासमधून कोकमाचं सरबत काढायचे, आधी हसनभाईंना, मग मला, उरलं तर स्वतःला. फुलपाखरांच्या बाबतीत मात्र त्यांना धीर नसे. बिबळ्या कडवा दिसला की साठीला टेकलेला हा माणूस दगडांवरून उड्या मारत त्याच्यामागे जायचा आणि हसनभाई मागून ओरडायचे, "अहो साहेब, यल्ला, हळू! माझ्या गाडीत स्ट्रेचर नाही!"

पहिल्याच सहलीला माझ्या पर्समधून नीळकंठाचं पीस निघालं. इतकं निळं होतं की मला राहवलं नव्हतं. झडतीत ते चादरीवर पडलं आणि मी लाजेने लाल झाले. साहेब रागावले नाहीत. त्यांनी ते दोन बोटांत उचललं, चालत मागे गेले आणि मी जिथून घेतलं असं सांगितलं त्याच झुडपाखाली ठेवून आले. त्या उन्हात, पाव मैल तरी असेल. हसनभाईंच्या खिशातून मात्र काय वाटेल ते निघायचं. तसबीहची माळ, लायटर, वेलदोडे, दुकानाच्या चिठ्ठ्या. एकदा अर्धं खाल्लेलं बोर निघालं. हसनभाईंनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "साहेब, उरलेलं अर्धं पोटात आहे. तेही काढून ठेवू?" साहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

साहेबांची झडती कोणी घेत नसे. चादर त्यांच्या हातात असायची. अंगात सर्व्हेअरचं जाकीट, त्याला पुढेमागे खिसेच खिसे. ते खिसे उलटे करायला सांगावं असं आमच्या कधी डोक्यातच आलं नाही.

आणि का यावं? कंपनीच्या एका बड्या मॅनेजरला घुबड बघायचं होतं. दोन मोठे नारिंगी डोळे, असं त्याने कुठेतरी वाचलेलं. साहेबांना जागा माहीत होती, पण ते दिवस पिल्लांचे होते आणि हा गृहस्थ मागच्या सहलीत पक्षी उडावा म्हणून दगड मारताना दिसला होता. साहेबांनी त्याला दिवसभर उन्हातून फिरवलं, भलत्याच वादीत, आणि संध्याकाळी अत्यंत आदराने एक बुलबुल दाखवला. पुढे त्यांची बढती अडली. आम्हाला हे नवऱ्याकडून कळलं, त्यांनी स्वतः अक्षर काढलं नाही. अशा माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवला, यात आमचं काय चुकलं?

आमरी त्यांनी आम्हाला फार उशिरा दाखवली. आमरी म्हणजे ऑर्किड. ओमानच्या त्या भाजलेल्या डोंगरात ऑर्किड असेल हे मला सांगूनही खरं वाटलं नसतं. एका वसंतात त्यांनी आमचे मोबाइल मागून घेतले, गाडीच्या कप्प्यात बंद केले आणि आम्हाला एका अरुंद घळीत नेलं. त्या वादीचं नाव मी आजही सांगणार नाही. त्यांनी लावलेली सवय, जात नाही. घळीच्या टोकाला कड्यातून पाणी पाझरत होतं. ओल्या दगडावर हंसराजाची हिरवी झालर, आणि तिच्या पायाशी ती मूठभर रोपं. लांब दांड्यावर हिरवट-तपकिरी फुलं, जवळ जाऊन बघितल्याशिवाय कळणारही नाहीत अशी.

साहेब गुडघ्यांवर बसले आणि फुलांना म्हणाले, "बरी आसात मां?"

त्यांना मालवणी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी आम्हाला एका फुलाच्या पाकळीवरचे बारीक काळे ठिपके दाखवले. अगदी झाडावर पडणाऱ्या माव्यासारखे. "माशी फसते. तिला वाटतं, इथे मावा आहे, माझ्या पिल्लांना खायला मिळेल. अंडी घालून जाते. खायला काहीच नसतं." हसनभाई म्हणाले, "या अल्ला, एवढीशी जान आणि एवढी लबाडी." साहेब बराच वेळ तिथे बसून राहिले. घरच्या फणसावर आईने लावलेली सीतेची वेणी होती, तीही आमरीच, भावांनी फणस तोडला, असं काहीसं बोलले. निघताना म्हणाले, "आता ही जागा तिघांना माहीत आहे. चौथ्याला कळली तर ती तिघांपैकी एकाने सांगितली."

आता हसनभाईंबद्दल एक सांगायला हवं. रुस्ताकमधल्या आम्हा मराठी घरांच्या किल्ल्या हसनभाईंकडे असायच्या. उन्हाळ्यात सगळे सुटीवर गावी जायचे, तेव्हा किल्ली हसनभाईंना द्यायची. ते तुळशीला पाणी घालायचे, टाकी बघायचे, एसी गळतोय का बघायचे. आमच्या देवघरातल्या गणपतीसमोर उभं राहून, "बाप्पा, सगळं ठीक आहे, पंधरा तारखेला येतायत," असं सांगून यायचे, हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं. कोणाला विमानतळावर सोडायचं असलं तरी हसनभाईच. त्यांच्या दुकानात गल्ल्यामागे एक फळी होती, तिला खिळे ठोकलेले आणि खिळ्यांना किल्ल्या. गिऱ्हाइकांना ती फळी दिसेल अशी त्यांनी लावली होती. त्यांचा तो मान होता.

पुढच्या वसंतात आम्ही घळीत गेलो, तर आमरी नव्हती. हंसराज होता, पाणी झिरपत होतं, आणि पायथ्याशी माती उकरून काढलेली. नीट, मुळांसकट. माझ्या तोंडून निघालं, "कोणी नेलं हो?"

साहेब वळून चालू लागले. परत गाडीशी आलो. त्यांनी चादर काढली नाही, हे तेव्हा मला जाणवलंसुद्धा नाही. ते सरळ पिकअपच्या मागच्या बाजूला गेले, हौद्यात हात घातला आणि चिमूटभर ओलसर काळी माती बाहेर काढली.

"हसन, ही माती कुठली?"

हसनभाई हसले. "अहो, परवा सीबहून एका नर्सरीच्या कुंड्या आणल्या. आमच्या ओमानी मालकाच्या, अर्बाबच्या बागेसाठी. सगळ्या रस्त्याला सांडत आलो."

"नर्सरीवाल्याला आणखी काय काय दिलंस?"

हसनभाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. डोळ्यांतून मात्र ते आधीच गेलं होतं. मी म्हटलं, "साहेब, हे काय बोलता तुम्ही?" साहेबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "तिघांनाच माहीत होतं," एवढंच बोलून ते पुढच्या सीटवर जाऊन बसले.

आणि हसनभाईंनी आम्हाला घरी आणलं. गाडी त्यांचीच ना. दगडधोंड्यांतून, नेहमीसारखी सांभाळून, साहेबांच्या कमरेला धक्का बसू नये म्हणून खड्ड्याशी हळू करत. गावातल्या मशिदीशी थांबले, नमाज पढून आले, आणि साहेबांच्या खिडकीशी उभे राहिले. कपाळावर चटईचा वळ अजून दिसत होता. म्हणाले, "साहेब, मी आत्ता आतून आलोय. मी नेलं नाही."

साहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि तारेवरचे वेडे राघू बघत बसले.

त्यानंतर सहली बंद झाल्या. गोष्ट कशी पसरली ठाऊक नाही. मी कोणाला बोलले नव्हते, नवरा सोडून. पण साहेबांना कोणीतरी विचारलं, 'हल्ली जात नाही का?', आणि साहेब म्हणाले, "विश्वासाची माणसं राहिली नाहीत." त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. जून आला तेव्हा लोकांनी गोड बोलून किल्ल्या दुसरीकडे दिल्या. 'तुम्हाला दरवर्षी त्रास कशाला, हसनभाई.' मी दुकानात गेले होते. फळीवर नुसते खिळे होते, आणि तिथे आमची एकच किल्ली लटकत होती, मी मुद्दाम देऊन ठेवलेली. हसनभाईंनी चहा मागवला. म्हणाले, "वहिनी, झडती घेतली त्याचं काही नाही. ती तर दर शुक्रवारी देत होतो. साहेबांनी विचारलं नाही, ठरवून टाकलं."

आता इथे साहेबांची चूक झाली. दर वर्षी त्यांची किल्लीही हसनभाईंकडे असे. त्या वर्षी ती देणार कशी? ते सुटीवर निघाले तेव्हा माझ्याकडे आले. आम्ही त्या वर्षी गावी जाणार नव्हतो. "ठेव फक्त. आत जायची गरज नाही," असं दोनदा म्हणाले. मी ठेवली.

आठवड्याभराने त्यांच्या इमारतीचा नातूर, म्हणजे वॉचमन, दारात आला. साहेबांच्या दाराखालून पाणी वाहतंय, म्हणाला. मी किल्ली घेऊन धावले.

बाथरूममध्ये भिंतीला विटा रचल्या होत्या. नळाला कापडाची वात बांधलेली, तिच्यावरून थेंब थेंब पाणी विटांवर पडत होतं. विटांवर हंसराज लावलेला. खाली कुंड्या, आणि कुंड्यांत आमरी. माती वाहून जाऊन मोरीचं तोंड तुंबलं होतं आणि पाणी घरभर झालं होतं. निम्मी रोपं कुजली होती. उरलेल्यांची पानं पिवळी पडून लोंबत होती. दाराच्या कडीला ती पांढरी चादर अडकवलेली होती, मधोमध मातीचा मोठा डाग असलेली. त्याच चादरीत त्यांनी ती गुंडाळून आणली असणार, कंपनीच्या गाडीतून.

मी त्या पाण्यात उभी राहिले आणि रडले. रोपांसाठी नाही. मला ते पीस आठवलं, ते परत ठेवायला उन्हातून चालत गेलेला माणूस आठवला, आणि मला कोणीतरी फसवून लुटल्यासारखं वाटलं. मग मोरी साफ केली, लाद्या पुसल्या, जगलेली रोपं तशीच ठेवली, आणि येताना चादर घेऊन आले.

हसनभाईंना मी त्याच दिवशी सांगितलं. ते खूप वेळ वजनाच्या काट्याशी चाळा करत बसले. "लोकांना सांगू या," मी म्हटलं. ते म्हणाले, "तुम्ही सांगून कोण ऐकणार? साहेबांनी सांगितलं तर ऐकतील. त्यांना सांगू दे. सांगतील, इन्शाल्ला." मी तरीही एकदोघांना सांगून बघितलं. 'वालावलकर? शक्यच नाही. तुमची काहीतरी चूक होतेय.' एक बाई तर मला म्हणाल्या, हसनभाईंनीच नेऊन ठेवली असतील त्यांच्या घरी, किल्ली असते ना त्यांच्याकडे.

साहेब परत आले. मी किल्ली दिली आणि म्हटलं, "मोरी तुंबली होती." त्यांना सगळं कळलं. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"मी या वर्षअखेर कायमचा जाणार, सुजाता. मी गेल्यावर तुम्ही जाणार तिथे. बघणार. मी नाही." मग एकदम आवाज उतरला. "माका सोडून जावक जमला नाय."

"ते मी समजू शकते," मी म्हटलं. आणि खरंच समजू शकत होते. "पण हसनभाई?"

"तू विचारलंस, कोणी नेलं. तोंडातून काहीतरी निघायला हवं होतं."

"मग आता दुसरं काहीतरी निघू दे. सगळ्यांसमोर."

"सांगतो," ते म्हणाले. "निरोपाच्या दिवशी सगळे असतील. तेव्हा सांगतो."

निरोपाचा कार्यक्रम कंपनीच्या हॉलमध्ये झाला, सकाळी. पोहे, शिरा, शाल. मी हसनभाईंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. त्यांच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. साहेब बोलायला उभे राहिले. सुंदर बोलले. गिधाडांच्या ऑफिसबद्दल बोलले, लोक हसले. नीळकंठाच्या पिसाबद्दल बोलले, माझं नाव न घेता. मी वाट बघत होते. शेवटी म्हणाले, "एवढंच सांगतो. बघायचं, न्यायचं नाही." टाळ्या पडल्या. ते खाली बसले.

मी मागे वळून बघितलं. हसनभाईही टाळ्या वाजवत होते.

बाहेर पिकअप उभी होती. विमानतळावर सोडायला हसनभाईच, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलं होतं, आणि साहेबांना नाही म्हणता आलं नव्हतं. सगळे निरोप द्यायला गाडीभोवती जमले. मी घरून ती चादर आणली होती. धुतली होती, पण डाग गेला नव्हता. मी ती बॉनेटवर पसरली.

"साहेब, झडती."

लोक खो खो हसले. वा, काय आठवण ठेवली, म्हणाले. कोणीतरी फोटो काढायला मोबाइल वर केला. साहेबांनी त्या डागाकडे बघितलं. मग जाकिटाचा एकेक खिसा उलटा करायला लागले. पेन, चष्म्याचं घर, मोजायची टेप, पासपोर्ट, गोळ्यांची पट्टी. सगळे खिसे झाले. डाव्या बाजूचा, छातीवरचा, बटण लावलेला एक राहिला. तो थोडा फुगलेला होता आणि त्याच्या खालच्या शिवणीपाशी कापड ओलं दिसत होतं. साहेबांचा हात बटणावर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हसनभाईंकडे बघितलं.

अजूनही वेळ होता. सगळी माणसं तिथेच होती. मला वाटलं, आता काढतील.

"खलास, वहिनी," हसनभाई म्हणाले. "राहू दे. फ्लाइट चुकेल." त्यांनीच साहेबांचं सामान एकेक करून त्यांच्या हातात दिलं. चादर झटकली, नीट घडी केली आणि मला परत दिली. साहेब पुढच्या सीटवर बसले. त्यांचा उजवा हात अजून त्या खिशावर होता. हसनभाई ड्रायव्हरच्या जागेवर चढले, बाजूला वाकले, साहेबांचा हात अलगद उचलून मांडीवर ठेवला, आणि तो ओला खिसा दबणार नाही अशा बेताने त्यांना पट्टा लावून दिला.